बॅलन्स बाईक घ्यायचीये? पुण्यातले आईबाबा नेहमी विचारतात ते प्रश्न

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत संध्याकाळी खाली चार-पाच बॅलन्स बाईक फिरायला लागल्यापासून लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखे तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून टाकते, पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन. मी दुकानदार नाही आणि ही कुणाची जाहिरातही नाही, माझी दोन्ही पोरं यावर शिकली एवढंच. वेळ नसेल तर वजनाचा आणि सीटच्या उंचीचा असे दोनच प्रश्न वाचा, बाकी कलर आणि स्टिकर तुमचं पोर निवडेलच.

बॅलन्स बाईक म्हणजे नक्की काय?

दोन चाकं, एक हँडल, एक सीट, संपलं. पेडल नाही, चेन नाही, बाजूची सपोर्टची चाकं नाहीत. पोर सीटवर बसतं, दोन्ही पाय जमिनीला टेकवतं आणि चालत पळत सायकल पुढे नेतं, जरा वेग आला की पाय वर उचलतं. थांबायचं पण पायानेच.

पेडलच नाही तर शिकणार काय डोंबल?

हा प्रश्न बहुतेक वेळा आजोबांचा असतो आणि तो बरोबरच आहे, आपल्या सगळ्यांच्या डोक्यात सायकल म्हणजे पेडल मारणं असंच असतं. पण सायकल चालवण्यात कामं दोन आहेत, पेडल मारणं आणि तोल सांभाळणं. पेडल मारणं सोपं, तीन वर्षांचं पोर तीनचाकीवर मस्त मारतं. अवघड आहे तो तोल. आपल्या वेळी उलटा क्रम होता, साईड व्हील लावून दोन वर्षं सोपं ते शिकायचं आणि मग एका रविवारी बाबा पाना घेऊन ती चाकं काढणार, मागून सीट धरून पळणार, न सांगता सोडणार, आणि आपण गुडघे फोडून घेणार. बॅलन्स बाईकवर अवघड ते आधी होऊन जातं, तेही अशा वयात जेव्हा पोर जमिनीपासून जेमतेम वीतभर वर असतं आणि पडलं तरी फारसं काही होत नाही.

जरा खोलात सांगते कारण हे कळलं की पुढचं सगळं सोपं जातं. सायकल डावीकडे कलायला लागली की हँडल पण डावीकडेच वळवावं लागतं, तसं केलं की चाकं परत अंगाखाली येतात आणि सायकल सरळ होते. ऐकायला उलटं वाटतं पण सायकल येणारा प्रत्येक माणूस हेच करत असतो, सारखं, बारीक बारीक, नकळत. आता साईड व्हील लावलेली सायकल कलतच नाही ना, मग हे शिकायचं कुठे? उलट ती वळताना अंग बाहेर फेकलं जातं आणि पोराला चुकीच्या बाजूला झुकायची सवय लागते, जी नंतर मोडत बसावी लागते.

पोर्तुगालमध्ये काही संशोधकांनी पालकांना विचारून याचा अभ्यास केला होता, त्यात बॅलन्स बाईकने सुरुवात केलेली पोरं सरासरी साधारण ४ वर्षांच्या आसपास स्वतःची स्वतः सायकल चालवायला लागली होती आणि साईड व्हीलवाली साधारण ६ च्या आसपास. माझ्या पोराचं काय होईल हे त्यातून कळत नाही, पण दोन वर्षांचा फरक म्हणजे थोडाथोडका नाही.

हे म्हणजे आत्ताचं फॅड आहे ना, इन्स्टावर बघून घेतात लोकं?

इन्स्टावर बघून घेतात हे खरं, फॅड आहे हे खोटं. जगातली पहिली दुचाकी हीच होती. कार्ल ड्रेस नावाच्या जर्मन माणसाने १२ जून १८१७ ला मॅनहाइम गावातून लाकडी दुचाकी पळवली, तिला पेडल नव्हतं, पायाने जमीन मागे ढकलायची आणि पुढे जायचं. १८१७ म्हणजे आपल्याकडे त्याच नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली, मग लक्षात घ्या किती जुनी गोष्ट आहे. पेडलवाल्या सायकली फ्रान्समध्ये १८६० च्या दशकात आल्या. म्हणजे त्याआधी मोठमोठी मिशीवाली माणसं बिनपेडलच्या गाडीवर पाय घासत फिरायची, आणि त्यांची गाडी वीस किलोच्या वर होती. लहान मुलांसाठी हीच आयडिया १९९० च्या दशकाच्या शेवटी जर्मनीत परत आली, तीही लाकडी, आणि २००७ मध्ये अमेरिकेत स्ट्रायडर नावाची बॅलन्स बाईकची कंपनी सुरू झाली तेव्हापासून धातूच्या फ्रेमवाल्या हलक्या गाड्या सगळीकडे पसरल्या.

सायकलींची आवड असेल तर कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं जुन्या सायकलींचं संग्रहालय आहे ते पोरांना दाखवून आणा, आधी वेळ विचारून जा.

कितव्या वर्षी घ्यायची?

नीट चालता यायला लागून दोन-चार महिने झाले की. बहुतेकांचं दीड ते दोनच्या मध्ये जमतं. दीड वर्षाचं पोर पहिले काही महिने नुसतं सायकल दोन पायांमध्ये धरून उभ्याने चालेल, ते पण शिकणंच आहे, पैसे वाया गेले असं समजू नका. तिसऱ्या चौथ्या वर्षी घेतली तरी उशीर नाही, उलट मोठं पोर भराभर उचलतं. पण साडेचार-पाचच्या पुढे असेल तर नवी बॅलन्स बाईक घेऊ नका, सरळ छोटी पेडलवाली घ्या आणि तिची पेडलं काढून ठेवा, त्याबद्दल खाली लिहिलंय.

वजन किती असावं?

आता मुद्द्याचं. पोराच्या वजनाच्या साधारण तीस टक्क्यांच्या आत सायकल असावी असा अंदाज धरतात. दोन वर्षांचं मूल ११-१२ किलोचं असतं, म्हणजे सायकल साडेतीन किलोच्या आत. बाजारात ३ किलोची पण मिळते आणि साडेपाच किलोची पण, दिसायला दोन्ही सारख्याच आणि डब्यावर "लाइटवेट" दोन्हीवर छापलेलं असतं. त्यामुळे डब्यावर विश्वास ठेवू नका, किलोचा आकडा शोधा, ऑनलाइन असेल तर खाली स्पेसिफिकेशनमध्ये बघा. तिथे कधी कधी पॅकिंगसकटचं वजन देतात ते वेगळं. आकडा दिलाच नसेल तर बहुतेक सांगण्यासारखा नसतो.

साईड व्हीलवाली १२ इंची साधी सायकल ७-८ किलोची असते. १२ किलोच्या पोराला ८ किलोची सायकल म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४० किलोची, तुम्ही चालवाल का रोज? मग पोर दहा मिनिटांत उतरून "मला कडेवर घे" म्हणतं त्यात त्याचं काय चुकलं. आणि परत येताना एका हातात पोर आणि दुसऱ्या हातात सायकल अशी वरात तुमचीच निघणार आहे हे पण लक्षात ठेवा, लिफ्ट बंद असेल तर विचारूच नका.

वजन वाढतं कशाने? लोखंडी जाड पाइप, हवेचे टायर, पुढे बास्केट, मागे कॅरिअर, घंटी, बाहुली ठेवायची सीट. ॲल्युमिनियमची फ्रेम हलकी पण महाग. पातळ स्टीलची चांगली फ्रेम सुद्धा पुरेशी हलकी येते, ॲल्युमिनियमच पाहिजे असा हट्ट नको.

सीटची उंची कशी बघायची? आम्ही तर "वय २ ते ५" बघून मागवतोय.

वय बघून मागवू नका प्लीज. पाय मोजा. पोराला भिंतीला टेकवून उभं करा, पायात नेहमीचे बूट घालून, एक पातळ पुस्तक दोन पायांमध्ये वरपर्यंत सरकवा अगदी जांघेला लागेपर्यंत, आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. पोर हसणार, पळणार, पुस्तक घेऊन जाणार, दोघांनी मिळून करा. जो आकडा येईल त्यातून २-३ सेंटिमीटर वजा करा, ती तुमची सीटची उंची. ३५ आलं तर सीट ३२-३३ वर पाहिजे.

सायकल घेताना बघायची ती सीटची कमीत कमी उंची, जास्तीत जास्त नाही, कारण सीट वर करता येते पण एका मर्यादेखाली नेता येत नाही आणि नेमकं तिथेच घोळ होतो. बसल्यावर दोन्ही तळपाय पूर्ण टेकले पाहिजेत आणि गुडघा किंचित वाकलेला दिसला पाहिजे. चवडेच टेकत असतील तर सीट उंच आहे, पोर घाबरणारच, आणि मग आपण म्हणणार की आमच्याकडे नाही हो आवडत त्याला.

खाली सोसायटीत "सायकल आवडत नाही" म्हणून कोपऱ्यात पडलेली एक बाईक होती, तिची सीट तीन बोटं खाली केली, फक्त तेवढंच, आणि ती मुलगी त्याच संध्याकाळी जिना चढायला तयार नव्हती.

दर दोन-तीन महिन्यांनी परत बघा, पोरं वाढतात. सीटच्या दांड्यावर एक मर्यादेची रेघ असते, ती बाहेर दिसेल इतकी सीट वर ओढायची नाही.

१० इंची चाक की १२ इंची?

बहुतेकांना १२. पोर अगदीच छोटं असेल तर १०, पण वर्षभरात लहान पडते. आपल्याकडच्या पेव्हर ब्लॉकच्या फटी बघता मोठं चाक बरं.

फोमचे टायर घ्यावेत की हवेचे?

फोमचे हलके, पंक्चर नाही, हवा भरायची कटकट नाही. पण ओल्या फरशीवर आणि गुळगुळीत टाइल्सवर घसरतात आणि खडबडीत जागी सगळे दणके पोराला लागतात. हवेचे जड पण पकड चांगली. सोसायटी आणि फूटपाथ एवढंच असेल तर फोम बिनधास्त घ्या. मातीचं मैदान, कच्चा रस्ता, गावाला नेणार असाल तर हवेचे.

हवेचे घेतलेत तर एक लक्षात ठेवा, पेट्रोल पंपावरच्या मशीनने भरू नका, एवढीशी ट्यूब एका सेकंदात फुटते. हातपंपाने भरा, किती भरायची ते टायरच्या बाजूलाच छापलेलं असतं.

ब्रेक हवा का?

दोन वर्षांच्या पोराला नको. त्याच्या बोटांत लिव्हर दाबायची ताकदच नसते आणि त्याला आपोआप पायच टेकवायचे सुचतात. साडेतीन-चारला, जरा उतारावर जायला लागलं की मागच्या चाकाचा हँडब्रेक कामाचा, पुढे पेडलवाल्या सायकलवर बोटांना सवय पण असते. फक्त पुढच्या चाकाला ब्रेक असलेली असेल तर मी तरी घेणार नाही, जोरात दाबला की पोर तोंडावर.

किती पैसे पडतात? महागातलीच घ्यावी का?

दोन-तीन हजारांपासून पंधरा हजारांच्या वरपर्यंत काहीही. मधली घ्या. अगदी स्वस्तात वजन जास्त असतं आणि चाकात बेअरिंगऐवजी प्लॅस्टिकचं बुश असतं, चाक उचलून हाताने फिरवून बघा, खरखर करून दोन चकरांत थांबलं तर ती गाडी पोराला ढकलत बसावी लागेल, पाय उचलून घरंगळायची मजाच येणार नाही. हँडलच्या दोन्ही टोकांना जाड रबर हवं, पडताना पाइपचं उघडं टोक पोटात लागतं. आणि आयएसआय मार्क बघा, १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना तो सक्तीचा आहे.

सेकंडहँड मिळत असेल तर उत्तम, ही गोष्ट दोन-अडीच वर्षंच वापरली जाते आणि पुण्यातल्या पालकांच्या ग्रुपवर अर्ध्या किमतीत निघतात. बघताना पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल हलवून बघा, खुळखुळ वाजतं का, सीटचा क्लॅम्प घट्ट बसतो का, वेल्डिंगपाशी बारीक चीर आहे का. गंज वरवरचा असेल तर चालतो.

लाकडी छान दिसतात, घेऊ का?

दिसतात खऱ्या. पण जून ते सप्टेंबर त्या बाल्कनीत ठेवल्या तर प्लायवूड फुगतं आणि सीट दोन-तीन ठरावीक भोकांवरच वरखाली होते, मधली उंची नाही. घरातल्या घरात फिरवायला ठीक.

घरी जुनी छोटी सायकल आहे, तिची पेडलं काढली तर चालेल ना?

चालतं, आणि मोठ्या पोरासाठी तर मी हेच सुचवते. पेडल काढताना एक गंमत आहे, उजवं पेडल नेहमीसारखं घड्याळाच्या उलट फिरवून निघतं पण डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवायचं. हे माहीत नसलं की माणूस जोर लावून लावून ते आणखी घट्ट करून ठेवतो आणि मग सायकलवाल्याकडे नेतो. शक्य असेल तर सायकलवाल्याकडून पेडलच्या दांड्या पण काढून घ्या, नाहीतर पळताना नडग्यांवर आपटतात. फक्त दोन वर्षांच्या पोराला ही युक्ती चालत नाही, सायकल जडच राहते आणि सीट खाली येत नाही.

आमच्या सासूबाई म्हणतात पाय फेंगडे होतील. खरं का?

नाही. दोन वर्षांच्या आतल्या मुलांचे पाय तसेही थोडे फेंगडे दिसतात, मग तीन-चारच्या सुमारास गुडघे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, आणि सात वर्षांपर्यंत बहुतेकांचे आपोआप सरळ होतात. सायकल घेतलेली असो नसो, हा क्रम चालूच असतो. म्हणजे सासूबाईंना जे दिसलं ते खरं आहे, कारण तेवढं वेगळं. एकच पाय वाकडा दिसत असेल, वाढत चालला असेल किंवा पोर लंगडत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

बरं का, ज्याची काळजी करायला हवी ते म्हणजे चाकांचं वॉकर, ज्यात चालता न येणाऱ्या बाळाला बसवतात. कॅनडात २००४ पासून ते विकायलाच बंदी आहे. ते मात्र आपण बारशाला हौसेने देतो.

हेल्मेट लागतंच का, एवढ्याशा सायकलला?

लागतं. पोर पाय उचलायला लागलं की वेग चांगलाच येतो, मागे आपल्याला पळावं लागतं. पहिल्या दिवसापासून घातलं तर ते सायकलचाच भाग वाटतं, नंतर आणलंत तर रोज भांडण.

डोक्याचा घेर भुवयांच्या वरून मोजून घ्या. भुवईच्या वर दोन बोटं जागा सोडून आडवं बसलं पाहिजे, मागे सरकून कपाळ उघडं नको. पट्टे कानाखाली इंग्रजी व्हीसारखे यावेत आणि हनुवटीखाली एक बोट जाईल इतकं घट्ट. मुलींच्या वरच्या पोनीमुळे आणि क्लिपांमुळे हेल्मेट कलतं, टोचतं, आणि मग "नको मला" सुरू होतं, वेणी खाली घाला. स्कूटरवर घालायचं मुलांचं हेल्मेट वापरू नका, ते जड असतं आणि एवढ्याशा मानेला झेपत नाही. सायकलचंच घ्या, आत ईएन १०७८ लिहिलेलं असेल तर ते युरोपातलं सायकल हेल्मेटचं स्टँडर्ड आहे.

आणि सायकलवरून उतरून घसरगुंडीवर किंवा जाळीवर चढायला निघालं की हेल्मेट काढा. पट्टा अडकून गळ्याला फास बसू शकतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

चपला चालतील?

बंद बूट. क्रॉक्स निघतात आणि चप्पल चाकाखाली येते. पोरं बुटाची टोकं घासून ब्रेक मारतात त्यामुळे बुटांचं पुढचं रबर आधी जाणार, नवे कोरे बूट घालून पाठवू नका, लहान होत आलेले जुने वापरून संपवा.

पुण्यात चालवायची कुठे? रस्त्याची हालत तर बघताय.

रस्त्यावर अजिबात नाही, गल्लीतल्या सुद्धा नाही. सायकल ट्रॅकवर दुचाक्या लावलेल्या असतात त्यामुळे त्याचा विषयच सोडा.

सुरुवातीला सोसायटीच्या आतलीच सपाट जागा सगळ्यात बरी. जागा चांगली कोणती? सपाट, कोरडी, आणि किंचित, अगदी डोळ्याला न कळेल एवढा उतार, कारण तेवढ्यानेच पोराला पाय उचलायची हिंमत येते. शोधायचं असेल तर चेंडू ठेवून बघा, हळूच घरंगळला तर जागा परफेक्ट.

जंगली महाराज रस्त्यावर संभाजी बागेच्या बाजूचा फूटपाथ रुंद आहे, रविवारी सकाळी लवकर गेलात तर मोकळा मिळतो, नऊनंतर गर्दी. शाळा-कॉलेजची मैदानं सकाळी उघडी असतील तर मातीवर मजा येते. सारसबागेसारख्या ठिकाणी संध्याकाळी जाऊन उपयोग नाही, माणसांच्या पायांतून सायकल काढावी लागते. बऱ्याच बागांमध्ये सायकल आत आणू देत नाहीत, वॉचमनकाकांना आधी विचारा, कधी कधी "पेडल नाहीये काका, खेळणं आहे" म्हटल्यावर सोडतात, कधी कधी पाटीकडे बोट दाखवतात. टेकड्यांवर नेऊ नका, मुरमाड वाट आणि उतार दोन्ही या वयाला नकोत. पेठेत राहत असाल आणि वाड्याचं अंगण असेल तर तुम्ही नशीबवान.

उन्हाळ्यात साडेदहानंतर फरशी तापते आणि काळी सीट तर विचारायलाच नको. गणपतीत मांडव पडला की आमची अर्धी जागा जाते.

पार्किंगमध्ये चालवू द्यावी का? बाकीचे तर देतात.

देतात, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते. पडून खरचटणं ठीक आहे, पण रिव्हर्स येणाऱ्या गाडीच्या मागे बॅलन्स बाईकवरचं पोर ड्रायव्हरला दिसतच नाही, त्याचं डोकं मागच्या काचेच्या खाली असतं. त्यात सायकलला आवाज नाही. सकाळी ऑफिसला निघायच्या वेळी आणि संध्याकाळी परत यायच्या वेळी पार्किंग बंद म्हणजे बंद. बाकी वेळी एक मोठं माणूस पोराच्या बरोबर, पोराच्या मागे नाही, गाड्यांच्या बाजूला. मोबाईल खिशात.

बेसमेंटच्या रॅम्पचं तोंड तर आधी अडवा, कुंडी ठेवा, खुर्ची ठेवा, आजोबांना बसवा पेपर घेऊन. ज्याला पाय उचलायला जमतं पण थांबायला अजून जमत नाही अशा पोराला तो रॅम्प बरोबर दिसतो.

भटकी कुत्री मागे लागतात, काय करायचं?

आपण मध्ये उभं राहायचं, पोराला पाय टेकवून थांबायला सांगायचं. थांबलं की बहुतेक वेळा कुत्र्याचा पण इंटरेस्ट जातो.

घेतली पण बसायलाच तयार नाही. पैसे बुडाले का?

आधी सीट बघा (वर लिहिलंय). सीट बरोबर असेल तर सोडून द्या. सायकल हॉलमध्ये पोराच्या नजरेसमोर ठेवा आणि तिच्याबद्दल बोलूच नका. काही पोरं आठवडाभर नुसती चाक फिरवत बसतात, तिच्यावर टेडीला बसवतात, एके दिवशी स्वतःच बसतात. रोज "चल बस, चल बस, बघ तो आर्याचा दादा कसा चालवतो" केलं तर अजून लांब जातात. सोसायटीतलं दुसरं पोर चालवताना दिसणं हे तुमच्या दहा आग्रहांपेक्षा जास्त काम करतं, त्यामुळे त्या वेळेला खाली न्या आणि गप्प बसा.

पायऱ्या साधारण अशा येतात, सायकल मध्ये धरून उभ्याने चालणं, मग टेकून चालणं, मग बसून लांब ढांगा, मग पळणं, मग क्षणभर दोन्ही पाय हवेत, आणि मग एकदम पूर्ण अंतर. मध्ये कुठेतरी महिना-महिना अडकून राहिल्यासारखं वाटेल, राहू दे.

आजोबा मागून हँडल धरून पळतात, नको म्हटलं तर चिडतात.

हँडल धरलं की पोराला तोल स्वतः सावरायची संधीच मिळत नाही, वर सांगितलं ना, कलेल तिकडे हँडल वळवणं हाच सगळा खेळ आहे आणि तेच आपण हातात धरून ठेवलं. सीट धरून ढकलली तरी तेच, वेग पोराने ठरवायचा. फारच भीती वाटत असेल तर काखेखाली हलके हात, तेही पहिल्या दिवशी. आजोबांना दुसरं काम द्या, समोर दहा पावलांवर उभं राहून "ये ये ये" म्हणायचं. पोर पुढे बघायला शिकतं, नाहीतर सगळी पोरं चाकाकडे बघत चालवतात.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

फोमच्या टायरवर ओल्या टाइल्सवर नकोच. भिजली तर फडक्याने कोरडी करा, पाइपने जोरात पाणी मारू नका, बेअरिंगमधलं ग्रीस जातं. चार महिने आत ठेवा, बाल्कनीत ठेवली तर बोल्ट गंजतात आणि नेमका सीटचा बोल्ट अडकतो. दिवाळीच्या आसपास काढताना सगळे नट एकदा पान्याने तपासा.

दसऱ्याला पूजा करायची का?

हो म्हणजे काय, पोराची पहिली गाडी. हळदकुंकू, झेंडूचा हार, सगळं. फक्त फिरवायच्या आधी हार काढा, आमच्याकडे तो पुढच्या चाकात गुंडाळला गेला आणि दोरा काढायला कात्री लागली.

पेडलवाल्या सायकलवर कधी न्यायचं?

वय बघू नका. पोर दोन्ही पाय उचलून पाच-सात सेकंद आरामात जातंय, वळण घेतंय, आणि सांगितल्यावर थांबतंय, ही तीनही झाली की तयार. बहुतेकांना १४ इंची पुरते, उंच असेल तर १६. साईड व्हील दुकानदार फुकट देतो म्हणाला तरी लावू नका, लावली की इतके दिवस शिकलेलं झुकणं बंद.

पहिले काही दिवस नव्या सायकलची पेडलं काढूनच द्या, सीट खाली, जुन्या सारखीच पायाने पळवू दे, तिच्या वजनाची आणि ब्रेकची सवय होऊ दे. थांबायला ब्रेक वापरायला लागलं की पेडल लावा. अडतं ते फक्त सुरुवातीच्या पहिल्या ढकलीला, तेव्हा एक पेडल वर पुढच्या बाजूला आणून ठेवायचं आणि त्यावर जोर द्यायला सांगायचं. बाकी काही शिकवावं लागत नाही, खरंच.

बॅटरीवाली इलेक्ट्रिक बॅलन्स बाईक पण मिळते, ती कशी?

नको. जड असते, वेग पोराच्या पायात नसून अंगठ्यात जातो, आणि घाबरलं की पोर मूठ सोडण्याऐवजी आणखी आवळतं.